मागच्यांना दिसणार नाही, तरी...

"हे मागच्यांना दिसणार नाही, तरी सांगतो," असं म्हणत साहेबांनी पाचवी स्लाइड लावली. अकोल्यातला हॉल, ऑगस्टचा शेवट, विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी.

दिसणार नाही हे साहेबांना कधी कळलं? त्या क्षणी? की आदल्या रात्री, लॅपटॉपवर तो चाळीस ओळींचा तक्ता डकवतानाच? कारण सहाव्या स्लाइडला तेच. सातवीला "हेही". अकरावीपासून नुसतंच ओशाळं हसू. शेजारचे अकोटचे काका डोळे बारीक करून म्हणाले, "मले त मुंग्याइची रांग दिसून राह्यली बावा." साहेबांनी त्या मुंग्यांवरून लेझरचा लाल ठिपका फिरवला, म्हणजे नेमकं काय दिसत नाहीये ते तरी कळावं.

पहिल्या रांगेला दिसलं असतं. तिथे पांढऱ्या अभ्र्यांचे सोफे. पण सोफ्यांवरची मंडळी दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ आटोपून पुढच्या उद्घाटनाला गेलेली. रिकाम्या सोफ्यावर बसायची आमची छाती नाही, आणि "पुढे या" म्हणायची कोणाची रीत नाही. त्यामुळे साहेब आमच्याकडे पाठ करून, पडद्यावरचा शब्द न् शब्द सोफ्यांना वाचून दाखवत होते. सोफ्यांनी एकही शंका काढली नाही. आलूबोंडा मात्र शेवटच्या खुर्चीपर्यंत बिनचूक पोचला. पुढच्या वेळी त्या वाढणाऱ्या पोरालाच बोलायला उभं करा. त्याला निदान माहीत होतं की मागेही माणसं बसलीत, त्यांनाही भूक आहे, आणि "तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तरी तळलाय" असं म्हणून भागत नाही.

त्या तक्त्यात एक ओळ होती. कामगंध सापळ्यात सलग ३ दिवस, रोज ८ पतंग सापडले की फवारणीचं बघा. मी ती नंतर लॅपटॉपला नाक लावून वाचली. एवढे दोन आकडे खडूने फळ्यावर हातभर लिहायला काय मोडत होतं? २०१७ साली याच अळीने बोंडं आतून पोखरली आणि लोकांनी उभ्या कपाशीत नांगर घातले. औषध उधारीवर आणणाऱ्या माणसाला तुम्ही तोंडावर सांगता, दिसणार नाही तरी?

तेवढ्यात काकांनी खिशातून पन्नी काढली. आत डोमकळी. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली, पाकळ्या आतून जाळीने शिवलेल्या. कळी हातोहात निघाली, खुर्च्या सरकल्या, माना वाकल्या.

"मागे काय गडबड आहे?"

"डोमकळी हाय साहेब. अळीसकट."

"बसा, बसा. ती चौतिसाव्या स्लाइडला आहे."