ताशी ४१२ रुपये

गेल्या दिवाळीत मी स्वतःची किंमत काढली. महिन्याचा पगार भागिले कामाचे तास : ताशी ४१२ रुपये. (बोनस धरला, पीएफ कापायचा विसरलो.) दहा मिनिटांची आंघोळ आपल्याला ६९ रुपयांना पडते, हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग दोन दिवसांची एकदम करत जा. घाऊक भावात पडेल."

आमच्या वडिलांना, अण्णांना, मात्र हिशेब कळत नाही. दर रविवारी पिशवी घेऊन दारात उभे : "मंडईत येतोस?" म्हणजे माझे दोन तास, ८२४ रुपये, आणायचं काय, तर कोथिंबीर. बरं, अण्णांची कोथिंबीर घेण्याची रीत म्हणजे स्थळ बघण्याचा कार्यक्रम. जुडी उचलायची, उलटी करायची, देठं बघायची, वास घ्यायचा, "बघू, कळवतो" अशा चेहऱ्यानं खाली ठेवायची. चार गाळे फिरून पुन्हा पहिलीकडेच यायचं. तोवर तिचा भाव वाढलेला.

वर वाटेत इतिहास. पुण्याची ही मंडई १८८६ची, तेव्हाचं नाव रे मार्केट. या इमारतीवर पैसा घालायला जोतीराव फुल्यांचा विरोध. तो शिक्षणावर खर्च करा, म्हणाले. पुढे आचार्य अत्र्यांनी तिला फुल्यांचंच नाव दिलं. "ज्यानं खर्चाला नको म्हटलं, त्याचंच नाव खर्चाला!" इथे अण्णा थांबतात. मी हसायचं असतं. हे मी निदान चाळीसदा ऐकलंय. दर खेपेला पाच मिनिटं. आकडा तुम्हीच काढा.

शेवटी एका रविवारी मी त्यांना ताशी दर समजावला आणि कोथिंबीर फोनवरून मागवली. अण्णा "बरं" म्हणाले. एवढंच. वाचलेल्या दोन तासांत मी मोबाइलवर एका परक्या माणसाला भिंत रंगवताना बघितलं. दुसरा हातसुद्धा.

परवा अण्णांच्या गुडघ्यानं संप पुकारला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. रविवारी पिशवी खुंटीवरच राहिली आणि घरात इतकी शांतता पसरली, की मला बसवेना. पिशवी उचलली, एकटाच गेलो. जुडी उलटी केली, देठं बघितली. चार गाळे फिरलो. आपण नेमकं काय बघतोय, ते काही कळलं नाही.

घरी येऊन जुडी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी वास घेतला. "फसवलं तुला."

"असू दे. अण्णा, मंडईला फुल्यांचं नाव कसं पडलं हो?"

त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पाच मिनिटं लागतील. परवडेल?"