मोरचूद, चुना आणि शिराझ

आमचा भाचा फ्रान्सला जाऊन आला आणि पोराला शिकवून आपलं चुकलं की काय, असं दाजींना पहिल्यांदाच वाटलं.

दाजी तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. बागेच्या पैशावर पोरगा इंजिनियर झाला, पुण्यात हिंजवडीला चिकटला आणि लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन बरगंडीला गेला. तिथं म्हणे आठ माणसांची छोटी गाडी असते. ती गावोगाव फिरवते, प्रत्येक गावी एखाद्या तळघरात उतरवून चार-पाच तऱ्हेच्या वाईन घोट-घोट पाजते आणि संध्याकाळी हॉटेलवर आणून सोडते.

"द्राक्षबाग बघायला पैसे दिलंस?" दाजींनी विचारलं. "हितं फवारणीला ये म्हटलं की तुझी मीटिंग असती."

दिवाळीत सगळे आमच्याकडं आष्ट्याला जमले तेव्हा भाच्यानं फोटो टीव्हीवर लावले. बघायला अप्पा आणि काकू, म्हणजे आमचे चुलता-चुलती, शेजारचे नाना आणि आम्ही. अप्पा माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणारे. नाना साखर कारखान्याच्या लॅबमधून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. जगातली कुठलीही वस्तू दिसली की तिच्यात साखर किती, हा त्यांचा पहिला विचार.

पहिला फोटो आला. डोंगर-उतारावर दूरवर द्राक्षाच्या रांगा, मागं चर्चचा मनोरा. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "मांडव कुठाय?"

"तिकडं मांडव नसतो पप्पा. वेल कमरेएवढाच ठेवतात."

"मग ही बाग न्हवं. हा मिरचीचा प्लॉट हाय."

भाचा खचला नाही. त्यानं क्लो द वुजो नावाच्या बागेची दगडी भिंत दाखवली. ही बाग सिस्टर्शियन साधूंनी लावली, भिंतही त्यांचीच. साधू द्राक्षं लावून वाईन करत, हे ऐकल्यावर अप्पांनी माळेला हात लावला. पुढं राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारनं काढून घेऊन विकल्या. नंतर नेपोलियनच्या कायद्यानं बापाच्या मिळकतीत सगळ्या पोरांना सारखा वाटा आला आणि विक्री आणि वाटण्या होत होत आज त्या एका भिंतीच्या आत पन्नास हेक्टरांना ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कुणाच्या वाट्याला वेलांच्या चार-दोन ओळी.

सबंध फ्रान्सच्या सहलीतली ही एकच गोष्ट आमच्या मंडळींना मनापासून पटली. काकूंनी तर हात जोडले. नाना म्हणाले, "सातबारा केवढा लांबडा असंल! आन पाण्याची पाळी कशी लावत असतील?"

"पाणी देत नाहीत नाना. पावसावरच."

"म्हंजे भांडायला निम्मं कारण कमी."

बोन गावातला जुना दवाखानाही त्यानं दाखवला. १४४३ साली निकोला रोलँ नावाच्या दिवाणानं गरिबांसाठी काढला. लोकांनी दवाखान्याला बागा दान दिल्या आणि त्या बागांच्या वाईनचा लिलाव अजून दर नोव्हेंबरात होतो. यावर अप्पा थोडे नरमले. दवाखान्यासाठी असेल तर एकवेळ देव बघून न बघितल्यासारखं करील, असं त्यांचं मत पडलं.

"पुढच्या वर्षी सगळ्यांना घेऊन जातो," भाचा भरात म्हणाला. माणशी खर्च त्यानं सांगितला, नानांनी तो तिथल्या तिथं उसाच्या टनात काढला आणि फ्रान्स रद्द झालं. मग नाशिक ठरलं.

खरं तर नाशिकचीही गरज नव्हती. सरकारनं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा राज्यात दोन ठिकाणी वाईन पार्क काढायचं ठरलं. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरं आमच्या पलूसला. पलूस म्हणजे आष्ट्यापासून चहा प्यायला जाण्याच्या अंतरावर. पण तिथं आमच्या धाकट्या आत्याचं सासर आहे. आत्याच्या सासरी जाऊन वाईन चाखायची, या कल्पनेनंच काकूंना घाम फुटला. आमच्या भागातली द्राक्षं बाटलीत न जाता बेदाण्यात का गेली, याची कारणं तज्ज्ञ दराची, बाजाराची, करांची सांगतात. त्यात नात्यागोत्याचंही एक कलम असावं, असं माझं नम्र मत आहे.

फेब्रुवारीत टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दह्याचा डबा. पेठ नाक्याला हायवे लागेपर्यंत अर्धं भडंग संपलं. साताऱ्याला कंदी पेढे घेतले. वाईनबरोबर पेढे चालतात का, या काकूंच्या प्रश्नावर भाच्यानं खिडकीबाहेर बघितलं.

अप्पा यायला कसे तयार झाले, हे सांगायला हवं. वाईन ही दारू की नव्हे, यावर महाराष्ट्र आधीच भांडून बसलाय. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांत वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि शेवटी ते अंमलात आलंच नाही. पण अप्पांचा प्रश्न नानांनी वेगळ्या बाजूनं सोडवला. आपल्या राज्यात दारू प्यायला कायद्यानं परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि तो कशासाठी देतात, तर प्रकृती राखण्यासाठी. हे ऐकून अप्पा चमकले. "मग वैद्यांनी दिल्यालं द्राक्षासव मी काय धा वर्सं उगंच घेतलं व्हय?" द्राक्षासवही आंबवूनच करतात, त्यातही अल्कोहोल असतं, हे नानांनी सांगितलं आणि वर जेवणानंतर चार चमचे हे मापही आठवून दिलं. अप्पा बराच वेळ गप्प बसले. शेवटी 'मी नुसता येतो, बघतो' एवढ्यावर तडजोड झाली.

नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा भाच्याची माहिती सुरूच होती. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात इथं फ्रेंच तंत्रज्ञ आणून 'ओमर खय्याम' नावाची फेसाळ वाईन काढली आणि ती परदेशी पाठवली. आम्हाला नारायणगाव तमाशाच्या फडांसाठी माहीत. इथून फेसाळ वाईन फ्रेंचांच्या देशात गेली, याचं नानांना काही वाटलं नाही. "आपली गेली. त्यांची हितं किती येती, ते सांग."

नाशिकला गंगापूर धरणाच्या अंगाला वायनऱ्यांची रांगच आहे. राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आले, त्यांनी इथं शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ लावली, २००० साली सुलाची पहिली वाईन निघाली आणि मग शेजारीपाजारी सगळेच या धंद्यात उतरले. २०१० मध्ये 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही यातल्याच एका ठिकाणी गेलो. आधी बाग, मग टाक्या, मग चाखणं, असा क्रम.

बाग दाखवायला एक तरतरीत मुलगी आली. तिचं प्रत्येक वाक्य 'फ्रान्समध्ये' या शब्दानं सुरू व्हायचं. दाजी तोवर ओळीत शिरले होते. एक घड हातात घेऊन त्यांनी असा चेहरा केला, की बघणाऱ्याला वाटावं घरात कुणी आजारी आहे.

"जीए मारला न्हाई?"

नाही, म्हणाली. वाईनला मणी बारीकच लागतो. सालीत रंग, सालीत चव. शिवाय बी असतं. आणि एका वेलावर जास्त घड आले तर आम्हीच काढून टाकतो.

काढून टाकतात! एक मणी फुगवायला दाजी जीएच्या, म्हणजे जिब्रेलिकच्या द्रावणात घड बुडवतात, विरळणीला बायका लावतात, एकरी टनेज वाढावं म्हणून रात्री उठून ठिबक बघतात, आणि इथं जेवढी द्राक्षं कमी तेवढी चांगली. हे सगळं त्यांना शेतीवरच्या अविश्वास ठरावासारखं वाटलं असावं.

तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "फ्रान्समध्ये बोर्डोला…"

"बोर्डो?" दाजी वळले. "किती टक्के मारता?"

आता त्या मुलीची पंचाईत झाली. तिच्या मनात बोर्डो म्हणजे राजवाडे, लाल वाईन, सोनेरी अक्षरांची लेबलं. दाजींच्या मनात बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, निळं पाणी, पाठीवर पंप आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की बागेवर येणारा दावण्या. पण खरं सांगायचं तर दोघांचा बोर्डो एकच. तिथल्या बागवाल्यांनी रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडलं ते रोगासाठी नव्हेच. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत, विषारी वाटावीत, म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं, की आतल्या बागा दावण्यानं गेल्या पण रस्त्याकडचे वेल टवटवीत आहेत. १८८५ साली त्यानं ते मिश्रण छापून जाहीर केलं. भाच्यानं हा किस्सा सांगितला आणि दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा पोराकडं कौतुकानं बघितलं. "चोरासाठी मारलं आन रोग गेला! हे फ्रान्सचं तू आधी का न्हाई सांगितलंस? भिंतीचे फोटो कसले दावतोस?"

मग त्यांची गाडी घसरलीच. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा किडीनं फ्रान्सच्या बागा खाल्ल्या आणि शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करूनच त्या वाचल्या, असं ती मुलगी सांगायला लागली, तर दाजी म्हणाले, "आमचं समदं तासगाव डॉगरीजवर हाय. डॉगरीज कुठलं? टेक्सासचं." पुढचा अर्धा तास ती मुलगी वहीत टिपून घेत होती आणि दाजी एप्रिलची खरड छाटणी समजावत होते. आमच्या मागून आलेला मुंबईकरांचा गट शांतपणे पुढं गेला.

मध्ये एका मोठ्या लाकडी टबात द्राक्षं ओतून ठेवली होती. अनवाणी उतरून तुडवायची, फोटो काढायचे. हौशी मंडळी नाचत होती. काकू दोन पावलं मागं सरकल्या. "अन्नाला पाय लावायचा? आन त्यासाठी वर पैसं?" दाजींनी तर तिकडं पाठच केली. एवढा माल बेदाण्याच्या रॅकवर टाकला असता, तर चार किलोला किलोभर बेदाणा उतरला असता, असं ते पुटपुटले. मग त्यांनी टबातल्या किलोंचा अंदाज काढला आणि आणखी दुःखी झाले.

टाक्यांच्या खोलीत नाना फुलले. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या, भोवतीनं गार पाणी, मीटर, नळ्या. "ब्रिक्स किती धरता?"

"बावीस ते चोवीस," तिथला माणूस म्हणाला, आणि दोन केमिस्ट एकमेकांना भेटले. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं, यात नानांना शिकण्यासारखं काही नव्हतं. मळीपासून स्पिरिट कसं निघतं, हे त्यांनी कारखान्यात उभा जन्म बघितलंय. पण फ्रान्समध्ये उन्ह कमी पडलं की द्राक्षात साखर भरत नाही, तेव्हा रसात वरून साखर घालतात, हे ऐकून ते थांबले. १८०१ साली शाप्ताल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ही युक्ती लिहून ठेवली, आणि तो नेपोलियनचा मंत्रीही होता.

"साखर घालत्यात? आन वर आमच्या गुळमाट चहाला नावं ठेवत्यात?" नानांनी मिशीवरून हात फिरवला. "एस-तीस पाठवू म्हणावं. पायजे तेवढी."

शेवटी चाखायला बसलो. गोल टेबल, प्रत्येकासमोर पाच ग्लास, मधोमध एक पितळी भांडं. आता शिकवायला एक तरुण होता. ग्लास दांडीला धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट घेऊन तोंडात घोळवायचा. नको वाटला तर या भांड्यात थुंकायचा.

थुंकायला अधिकृत भांडं बघून आमच्यातल्या तंबाखूवाल्यांची भीड चेपली. नानांनी ओठाखालची गोळी आधी तिथंच टाकली. तरुणानं काही न बोलता भांडं बदललं. ही नाशिकची माणुसकी.

पहिला ग्लास सोविन्यों ब्लाँचा. "यात तुम्हाला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येईल. आणि हिरव्या कॅप्सिकमचा."

काकूंनी हुंगलं. "ढबू मिरची! खरंच की." मग पुन्हा हुंगून म्हणाल्या, "आन वैरण. कडबाकुट्टीजवळ येतोय तसला." पहाटे उठून म्हशीपुढं वैरण टाकायची, दिवसभर रानात तोच वास, आणि तो बाटलीत भरून चारचौघांत हजार रुपयांना विकायचा, या धंद्याबद्दल त्यांच्या डोळ्यांत एकदम आदर दिसला. घोट मात्र घेतला नाही. त्यांचा ग्लास भाच्यानं संपवला.

दाजींनी प्रत्येक ग्लास आंबटपणावर तपासला आणि प्रत्येकाला 'माल आठ दिवस आधी तोडलाय' असा एकच शेरा दिला. नानांना सगळ्यात अल्कोहोल किती टक्के, हे बाटली न बघता सांगायचं होतं. ते त्यांनी बऱ्यापैकी सांगितलंही. भाचा डोळे मिटून 'मिनरल' म्हणाला. कशाला म्हणाला ते कळलं नाही.

मग शिराझ आली. लालभडक, दाट. फ्रेंच ओकच्या पिंपात वर्षभर मुरवलेली. तरुणानं आमच्याकडं बघितलं. "काय काय वास येतायत?"

सगळे हुंगून थकले. नाना म्हणाले, मळी. दाजी म्हणाले, बोर्डो, आणि स्वतःच हसले. भाचा फोनवर काहीतरी शोधायला लागला.

अप्पांनी आपला ग्लास अजून हाताला लावला नव्हता. पण कुणी बोलत नाही असं बघून त्यांनी तो दांडीला धरून नाकापाशी आणला, पिण्याचा प्रश्नच नाही अशा बेतानं. जन्मात तंबाखू नाही, विडी नाही, मिसरी नाही. आमच्या टेबलावरचं ते एकमेव कोरं नाक.

"जांभूळ," ते म्हणाले. थोडं थांबले. "काळं मिरं. आन… आपल्या माडीवरची जुनी लाकडी पेटी उघडल्यावर येतो न्हवं, तो वास. त्यात कुठंतरी लवंग ठेवल्याली."

तरुण उभाच राहिला. त्यानं आतून आपल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी दुसरी बाटली उघडली, अप्पांपुढं धरली. अप्पांनी तीही न पिता सांगितली. शेजारच्या टेबलावरचे मुंबईकर खुर्च्या वळवून बघायला लागले. कुणीतरी फोटो काढला, माळेसकट.

काकू मात्र रागानं लाल. "अहो, चाळीस वर्सं आमटीत मीठ कमी हाय का जास्त, ते तुमास्नी कधी कळलं न्हाई. आन हितं माडीवरची पेटी कळती व्हय!"