डेसिबलकाका

डेसिबलकाकांच्या घरी संगणक चालू आहे की बंद, हे ऐकून कळत नाही. कळलंच, तर काकांना रात्रभर झोप नाही. नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. काका मात्र ते पदवी मिळाल्यासारखं मिरवतात.

बाकी आवाजांशी त्यांचं काही वैर नाही. गॅलरीखाली ढोलपथकाचा सराव चालतो, कुकर शिट्ट्या मारतो, वरच्या मजल्यावर फरशी कापतात. काका मजेत पेपर वाचत असतात. टेबलाखालच्या कॅबिनेटमधून एवढीशी घरघर आली, की पेपर खाली, चष्मा वर आणि स्क्रूड्रायव्हर हातात.

पाहुणा आला की आधी छताचा पंखा बंद होतो. मग हुकूम सुटतो, "जरा श्वास धरा. आता सांगा, काय ऐकू येतंय?" पाहुणा "काही नाही" म्हणाला तर पंखा सुरू होतो आणि चहाही येतो. चुकून "थोडं गुंगुं" म्हणाला, तर बॅटरी धरून टेबलाखाली त्यालाच वाकावं लागतं. जाणते नातेवाईक दारातूनच "काही नाही हो!" असं ओरडत आत येतात.

काकांचं शास्त्र मात्र पक्कं. ८० मिलिमीटरचे पंखे काढून त्यांनी १२० चे बसवले, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. त्याच पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. पंखे ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचे. काकूंचा आक्षेप किमतीला नाही, रंगाला आहे. किंमत त्यांना अजून सांगितलेली नाही.

पंखे गप्प झाले आणि खरा घोळ सुरू झाला. मोठा आवाज बारीकसारीक आवाजांना झाकून असतो. तो गेला की एकेक जण तोंड उघडतो. आधी हार्डडिस्क ऐकू यायला लागली. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची थरथर पत्र्यात उतरते आणि अख्खं कॅबिनेट गुणगुणतं. काकांनी ती काकूंच्या शिवणाच्या डब्यातल्या इलॅस्टिकवर टांगली. थरथर थांबली, पण इलॅस्टिकची चौकशी सुरू झाली. शेवटी एसएसडी आली आणि इलॅस्टिक डब्यात परत गेलं. मग एसएमपीएसचा पंखा खुपायला लागला. तोही बदलून, भार कमी असताना पंखा फिरतच नाही असला आणला. पुढे कॅबिनेटला आतून फोम चिकटवला. फोमने आवाज अडवला, तशी उष्णताही अडवली. प्रोसेसर तापला आणि शांत पंखे पिसाळल्यासारखे फिरू लागले. तो फोम हल्ली काकूंच्या देवघरात आसन म्हणून आहे. ग्राफिक्स कार्ड तर काकांनी काढूनच टाकलं. तसंही या यंत्रावर ते विजेचं बिल भरतात आणि नातवाचे फोटो बघतात.

इतकं झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण काकांनी कुठेतरी वाचलं, की मदरबोर्डवरच्या कॉइलमधून वीज वाहताना ती सूक्ष्म थरथरते आणि बारीक शीळ घालते. पंचाईत अशी, की वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि काकांनी साठी ओलांडलेली. म्हणजे शीळ नाही म्हणून ऐकू येत नाही, की आहे पण ऐकू येत नाही, हे ठरवायचं कसं? "अहो, ऐकू येत नाही ना? मग झालं तर!" या काकूंच्या निकालात मला काही खोट दिसत नाही. काकांना ती पळवाट वाटते.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीला संध्याकाळी बोलावणं जातं. ती कॅबिनेटला कान लावते, डोळे मिटते, भरपूर वेळ घेते. तपासणीची फी, एक चिक्की.

"येतोय, काका. पण कालच्यापेक्षा कमी."

काका बायोसमध्ये शिरून व्होल्टेज जरासं उतरवतात आणि उद्या पुन्हा यायला सांगतात. परवा ती धाकट्या भावालाही घेऊन आली. त्याला म्हणे दुसऱ्या बाजूनेही येतो.