गेममध्ये असं नव्हतं!

सळई आणि बियाणं यांच्या खालोखाल जालन्यात कशाचं पीक असेल, तर ‘मूळ गेम खेळलेल्या’ माणसाचं. मामा चौकापासून परतूरपर्यंत कुठंही गाठ पडते. वय बावीस-पंचवीस. गावी बदनापूरकडं मोसंबीची बाग, शहरात तिघांत एक रूम. ‘लीग ऑफ लेजेंड्स’चा नकाशा डोळे मिटून काढून देईल, स्वतःच्या शेताचा गट नंबर विचारा, वडिलांना फोन लावेल.

या गेमवरची ‘आर्केन’ ही ॲनिमेशन मालिका नोव्हेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओनं केलेली, पुढं एमी मिळवलेली. ज्यांनी गेम कधी उघडला नाही, तेही दोन बहिणींच्या ताटातुटीनं गलबलले. आमचाही घसा दाटून आलेला, तेवढ्यात आमच्या रूमवरच्या अशाच एका भाऊनं स्पेस बार दाबून चित्र थांबवलं.

“गेममध्ये असं नव्हतं.”

“अरे, तिची बहीण तिला सोडून गेली ना!”

“जाऊ दे ना बहीण. गेममध्ये जिंक्स रडत बसत नाही, रॉकेट मारते.”

नऊ भागांचा पहिला सीझन त्याच्यासोबत बघायचा म्हणजे मुक्काम पोस्ट रूम. पण कधी पडदा सोडून त्याच्या उजव्या हाताकडं बघा. माऊस नसतो, तरी तर्जनी गादीवर टकटक चाललेली असते. हाणामारी सुरू झाली की टकटक वाढते. खरं दुखणं तिथं आहे. इतकी वर्षं ही पोरगी याच्या बोटावर नाचली आणि आता याला न विचारता पळू राहिली, रडू राहिली. लेकीनं परस्पर लग्न ठरवल्यावर बापाची जी गत, तीच याची. मग पत्रिकेतल्या चुका काढायच्या, दुसरं करणार काय?

त्याला गप्प करायला पिकाचू कामी येतो. पोकेमॉनचा गेम जपानात १९९६ ला आला, तेव्हा सुरुवातीला तिघांतून एक प्राणी निवडायचा असे. त्यात पिकाचू नव्हताच. १९९७ च्या मालिकेनं त्याला नायकाच्या खांद्यावर बसवला आणि पुढच्याच वर्षी कंपनीनं गेमची पिवळी आवृत्ती काढली. तिच्यात पिकाचू खेळणाऱ्याच्या मागं मागं चालतो. म्हणजे गेमनंच मालिकेची नक्कल केली! यावर भाऊ चहाचा घोट घेतो. “ते लेकरांचं झालं.”

बरं, मग ‘सायबरपंक २०७७’? डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या त्या गेमला चुकांपायी लोकांनी शिव्या घातल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘एजरनर्स’ मालिका आली आणि लोक पुन्हा त्याच गेमकडं वळले. त्या लोकांत हाही होता. तो विषय मात्र काढायचा नाही.

हे वळण घरचंच. २०१५ चा ‘कट्यार काळजात घुसली’ टीव्हीवर लागला की त्याचे वडील मोसंबी सोलता सोलता म्हणतात, “नाटकात असं नव्हतं.” १९६७ चं ते नाटक त्यांनी ऐकलंय फक्त, कॅसेटवर. पण ते बोलायची घरात कोणाची टाप नाही.

‘आर्केन’चा दुसरा सीझन नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. भाऊनं नऊच्या नऊ भाग नावं ठेवत पाहिले, एकही सोडला नाही. तुमच्याही रूमवर असा कोणी असेल तर त्याला जरूर बोलवा. फक्त कीबोर्ड आपल्या बाजूला ठेवा.