ॲम्प्लिफायरचे हेडी

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची गावं दोन, बुद्रुक आणि खुर्द. जुना ॲम्प्लिफायर कसा घ्यावा हे मात्र दोन्ही गावांत मिळून एकाच माणसाला कळतं. तो माणूस म्हणजे तात्या. त्यांचं खरं नाव सांगत नाही, कारण तात्या हे नाव नसून पद आहे. तुमच्याही गावात ते भरलेलं असेल.

डाळिंबाला ठिबक कुणाचं घ्यावं, पोरीला स्थळ कुठलं बघावं, असल्या किरकोळ बाबतीत लोक तात्यांना विचारत नाहीत. ॲम्प्लिफायरचं तसं नाही. न विचारता घेतला तर तात्या आपणहून घरी येतात, पाटावर बसतात, चहा घेतात आणि सांगतात, "फसलासा."

तात्यांचे वडील बैलांचे हेडी. सांगोल्याच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करण्यात त्यांची हयात गेली. मग ट्रॅक्टर आले, बैल गेले, गोठा रिकामा झाला. तात्यांनी तो पुन्हा भरला. आज त्या गोठ्यात गव्हाणीवर ओळीने सात ॲम्प्लिफायर उभे आहेत. एकाचंही झाकण जागेवर नाही. विकायचं विचारलं तर म्हणतात, "दावणीचं जनावर इकत नसत्यात."

मी शाळामास्तर. माझ्याकडे मोठ्या भावाने दिलेले दोन उभे स्पीकर होते आणि दहा हजार रुपये होते. टीव्हीवरचे सिनेमे जरा थेटरासारखे ऐकू यावेत आणि आईला सकाळी अभंग नीट ऐकू यावेत, एवढीच अपेक्षा. ती मी तात्यांना सांगितली, ही चूक.

"मास्तर, आधी एक ठरवा. सिनेमा का गाणं?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हंजी सवाष्णीचा उपास आन् पुरणपोळी." तात्यांनी पानाचा डबा उघडला, म्हणजे तास लागणार होता. "पाच स्पीकरचा रिसीव्हर घेतला तर तुमचं धा हजार पाच वाटण्यांत जाणार. वर रेडिओ, डिकोडर, रिमोट ह्येबी जेवायला बसणार. दोन चॅनलचा साधा घेतला तर सगळं पैसं दोनातच. वाटण्या झालेल्या जमिनीचं काय हुतं ते मी तुम्हास्नी सांगायचं का?"

पुढे त्यांनी रिसीव्हरची कुंडली मांडली. रिसीव्हर म्हणजे मोबाईल आणि साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर म्हणजे बैलगाडी. बैलगाडीला नवी आवृत्ती येत नाही, म्हणून ती जुनी होत नाही. रिसीव्हरच्या मागच्या एचडीएमआयची आवृत्ती दर काही वर्षांनी बदलते, म्हणूनच एके काळी पन्नास हजारांना घेतलेला आज पाच-सात हजारांत मिळतो. टीव्हीचा आवाज त्याच वायरीने उलटा आणणारी सोय आली 2009 साली. त्याच्या आधीचा घेतलात तर ऑप्टिकल वायरीवर भागवायचं. तिच्यातून साधा पाच-एकचा डॉल्बी येतो. वरूनही आवाज पाडणारा ॲटमॉस येत नाही. "आन् तुमच्या बारा बाय चौदाच्या खोलीत पत्र्याखाली ॲटमॉस लावून करणार काय? पाऊस पडला की हायच की वरनं."

डॉल्बी हा शब्द तात्यांसमोर जपून वापरावा लागतो. आमच्याकडे वरातीपुढे ट्रॅक्टरवर जी स्पीकरांची भिंत चालते, तिला डॉल्बी म्हणतात. घरांच्या काचा थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून दारं लावतात. तात्यांना याचा मनस्ताप होतो, पण आवाजाचा नव्हे, शब्दाचा. रे डॉल्बी या गृहस्थाने 1965 साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. "गोंगाट कमी करायला जल्मला गडी, आन् आपण त्येच्या नावानं गोंगाट घातला," असं तात्या प्रत्येक लग्नात सांगतात. कुणाला ऐकू जात नाही, कारण डॉल्बी चालू असतो.

वॉट हा दुसरा नाजूक विषय. आमच्या शेजारच्या पोराने बाजारातून डबा आणला, त्यावर हजारांत पीएमपीओ वॉट लिहिलेले. तात्यांनी झाकण काढून बघितलं. आत फोर-फोर-फोर-झिरो नंबरची एकच आयसी आणि आगपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर. "ह्यो बैल नुसताच फुगीवलाय," असं म्हणून त्यांनी झाकण परत लावलं. मग मला समजावलं, की शंभर वॉट म्हणजे पन्नासच्या दुप्पट आवाज नव्हे, फक्त तीन डेसिबल जास्त. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. घरात बसून अभंग ऐकताना खर्च होतो एखाद-दुसरा वॉट. "मंग बाकीचं वॉट कशाला, तर येळप्रसंगाला. ढोलकीवर थाप पडली तर दम लागाय नको."

खरं सांगायचं तर हे सगळं मला पटलं. तात्यांचं म्हणणं नेहमीच पटतं. पंचाईत त्यानंतर सुरू होते.

फोनवर एक जाहिरात दिसली. पुण्यात सहकारनगरच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांना आपला जपानी स्टिरिओ ॲम्प्लिफायर विकायचा होता. किंमत नऊ हजार. तात्या लगेच निघाले. बरोबर एक पिशवी. पिशवीत मल्टिमीटर, बॅटरी, पेचकस, सफाईचा स्प्रे आणि दोन जुनाट छोटे स्पीकर. हे स्पीकर बळीचे. अनोळखी ॲम्प्लिफायरला चांगले स्पीकर जोडायचे नाहीत, आत बिघाड असला तर थेट करंट सुटून ते जळतात, म्हणून जळायला तात्या स्वतःचे घेऊन जातात. इंदापूर ते स्वारगेट साडेतीन तास एसटीत ते स्पीकर माझ्या मांडीवर होते.

गृहस्थ सभ्य होते. त्यांनी ॲम्प्लिफायर मलमलीच्या कापडाने पुसून ठेवला होता. तात्यांनी नमस्कार केला आणि यंत्र दोन्ही हातांनी उचलून जोखलं. "चौदा किलो तरी हाय. हाड चांगलं हाय." मग मागची पट्टी वाचली. अमेरिकेतून आणलेला असला तर 120 व्होल्टचा, जपानच्या घरगुती बाजारातला असला तर 100 चा. आपल्या 230 च्या भिंतीत तो खोचला की धूर. यावर 230 लिहिलेलं होतं. तात्यांनी जाळीला नाक लावून वास घेतला. गृहस्थ चरकले.

"काय करताय?"

"जळका वास येतोय का बघतोय. बैलाचं दात बघत्यात तसं."

बॅटरी लावून आत डोकावले. कंडेन्सरची डोकी सपाट होती, फुगलेली नव्हती. बटण दाबलं. दोन-तीन सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज आला. तात्यांचा चेहरा उजळला. हा टक् म्हणजे यंत्राने स्वतःची तब्येत तपासून स्पीकरला दार उघडलं. तो आलाच नाही तर यंत्र घरी न्यायचं नाही. मग स्पीकरच्या जागी मल्टिमीटर लावला. बारा मिलीव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की जनावर निरोगी. शेवटी आवाजाची मूठ फिरवली, तशी डाव्या बाजूला खरखर झाली. तात्यांनी मान हलवली. ही खरखर तीनशे-साडेतीनशेच्या स्प्रेने जाते हे त्यांना ठाऊक होतं, पण मान अशी हलवली की घरात कुणी गेलं असावं.

आता सौदा. मी "किती कमी कराल?" असं विचारणार, तेवढ्यात तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून गृहस्थांच्या उजव्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. गृहस्थांना वाटलं नाडी बघतायत.

"मला बीपी आहे," ते म्हणाले.

तात्या काही बोलले नाहीत. टॉवेलखाली बोटं दाबली गेली. गृहस्थ माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीकडे बघू लागलो. तात्यांनी पुन्हा बोटं दाबली, एक सोडलं, अर्धं धरलं. त्याच वेळी आतून गृहिणी चहा घेऊन आल्या. सोफ्यावर दोन पोक्त पुरुष टॉवेलखाली हात धरून बसलेत आणि आपला नवरा घामाघूम झालाय, हे पाहून त्या ट्रेसकट तिथेच थांबल्या.

"अहो, देऊन टाका ना काय मागतायत ते," त्या म्हणाल्या.

साडेसहा हजारांना सौदा तुटला. एसटीत तात्या हडपसरपासून भिगवणपर्यंत हसत होते. "अडीच हजार वाचीवलं मास्तर तुमचं."

घरी आल्यावर मी हिशोब मांडला, कारण मास्तराला दुसरं येत नाही. ॲम्प्लिफायर 6,500. दोघांची एसटी, नाश्ता आणि जेवण 1,400. स्प्रे 350. आठ दिवसांनी 'टक्' यायचा बंद झाला, नवा रिले आणि मजुरी 900. टीव्हीचा ऑप्टिकल आवाज या जुन्या यंत्राला कळावा म्हणून मधला डबा 500. वायर 600. आमच्याकडची वीज कधी 170 तर कधी 260, म्हणून स्टॅबिलायझर 1,750. एकूण 12,000. दहातले दोन वर गेले. तात्यांनी वाचवलेल्या अडीच हजारांपायी यंत्रावर साडेपाच हजार जास्तीचे खर्च झाले. त्यांना हे दाखवलं तर म्हणाले, "बैल घेतला म्हंजी येसण, कासरा, झूल आलीच की."

रिमोट नव्हता. ते काम धाकट्या मुलाकडे गेलं.

पण यंत्र बोलू लागलं आणि मी गप्प झालो. पहिल्या रात्री तात्यांच्या हुकमावरून 'सैराट' लावला. 2016 चा सिनेमा, उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळ्याच्या भागात चित्रित झालेला. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत गेले होते आणि तिथला सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला होता. "शेजारच्या तालुक्याचं गाणं अमेरिकेला जाऊन आलं, ते वरकुट्यात नीट वाजाय नको?" तात्या डोळे मिटून बसले होते. व्हायोलिनं आली तेव्हा त्यांनी हात वर केला. मला वाटलं, दाद. ते म्हणाले, "उजव्या स्पीकरची वायर उलटी जोडलीय."

जाताना त्यांनी एकच नियम घालून दिला. ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर काहीही ठेवायचं नाही. वर चार बोटं हवा पाहिजे. आईने मान डोलावली.

थंडी पडली. डिसेंबरात आमच्याकडे दही लागत नाही. एक दिवस पाहिलं तर ॲम्प्लिफायरच्या वरच्या फळीवर दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं. मी ओरडलो. आई शांतपणे म्हणाली, "डोक्यावर कुठं ठेवलंय? फळीवर ठेवलंय." जुन्या घडणीचं यंत्र, निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत घालवणारं. ती उष्णता वर जात होती. सकाळच्या अभंगाला विरजण, दुपारी दही. कवडी पडावी असं.

जानेवारीत तात्या तळहाताएवढा नवा डबा घेऊन आले. क्लास डी. तीन हजारांत, वीज थोडी खाणारा, गरम न होणारा, आवाजात फरक काढून दाखवा म्हणणारा. "काळ बदलला मास्तर. ह्यो ठेवा. जुना माझ्या दावणीला द्या." खरोखरच मला फरक ओळखता आला नाही. तात्यांनाही आला नाही, म्हणून ते अस्वस्थ होते.

डबा दोन दिवस राहिला. तिसऱ्या सकाळी आईने पातेल्यावरचं झाकण काढून तात्यांसमोर धरलं. आत दूध होतं, जसंच्या तसं.

तात्यांनी ते बघितलं, बोट बुडवून चाखलं आणि डबा पिशवीत घातला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "ह्यात दम न्हाय."

जुना ॲम्प्लिफायर अजून फळीखाली आहे. गोठ्यात आठवी जागा रिकामी आहे. आमच्याकडे दही रोज लागतं, आणि त्यातलं वाटीभर तात्यांकडे जातं.