धूर विकणारे

स्पॅनिश माणूस थापाड्या विक्रेत्याला ‘वेंदेउमोस’, म्हणजे धूर विकणारा म्हणतो. इंग्रजी माणूस त्याच्याच हाती सापाच्या तेलाची बाटली देतो. निवडणुका आल्या की माद्रिदचे पुढारी एकमेकांना हीच पदवी बहाल करतात, आणि गंमत म्हणजे सगळेच खरं बोलत असतात.

शिक्षेत मात्र भलतीच तफावत. धुराचा वाक्प्रचार थेट रोमन काळातला. ‘सम्राट माझ्या मुठीत आहे’ असं भासवून तुरिनस नावाचा दरबारी लोकांकडून पैसे उकळायचा. सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसनं त्याला भर चौकात खांबाला बांधलं, खाली गवत आणि ओली लाकडं पेटवली आणि धुरानंच गुदमरवून मारलं, अशी कथा सांगतात.

अमेरिकेत क्लार्क स्टॅन्ली सापाचं तेल विकायचा. सरकारनं बाटली तपासली, तर आत खनिज तेल, थोडी चरबी आणि मिरचीचा अर्क. साप औषधालाही नाही! 1906च्या अन्न-औषध कायद्याखाली दंड झाला 20 डॉलर.

तेव्हा मंडळी, या धंद्यात उतरायचंच असेल तर इंग्रजीतून उतरा.