सकाळी सातचा हिशेब

"पाच! मान्सं आठ आन् संडास पाच. घर बांधतोय का मंगल कार्यालय, तेच कळंना मला."

आक्का कुंपणापलीकडून बोलत होत्या. आमच्या दोन घरांमध्ये तारेचं कुंपण आणि त्यावर घोसाळ्याचा वेल. त्यांच्या जुन्या कौलारू घराशेजारी नवं दुमजली उभं राहतंय. काम जोत्यापर्यंत आलंय आणि जोत्याच्या वरच्या प्रत्येक गोष्टीवरून घरात रोज वाद. शिरगावात हल्ली हे घरोघर आहे. एक्सप्रेसवे झाला, सोमाटणे फाट्यापासून इकडे गुंठ्याचे भाव चढले, भातखाचरांचे प्लॉट पडले. पैसा आला की माणूस पहिल्यांदा बांधकाम काढतो.

"थोरला म्हनतो, पर्तेक बेडरूमला अटॅच पायजे. हिंजवडीला सायबाच्या फ्लॅटात बघून आलाय. खाली दोन, वर तीन, झाले पाच. आन् मामंजी म्हनत्यात, घरात संडास नकोच. देवघराच्या भितीला भीत लावून असलं काय चालायचं न्हाय. परड्यात हाय तेवढा बास."

पाच आणि शून्य यांच्यामधला आकडा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी जन्म पुण्याच्या फ्लॅटमध्ये काढला, तेव्हा बाईंना संडासांतलं कळत असणार, असा आक्कांचा हिशेब.

खरं सांगायचं तर मामंजींचा हट्ट मला नुसत्या सोवळ्याचा वाटत नाही. ते मुंबईत डबेवाले होते. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातून तर डबेवाले गेले. एका गाळ्यात गावची दहा-पंधरा माणसं, संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांत मिळून. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. तीन-चार पिढ्या हातात डबा धरून तिथं रांगेत उभ्या राहिल्या आणि वेळेवर कामालाही गेल्या. रांगेत उभं राहायची लाज मामंजींना कधीच वाटली नसेल. पण मधे एक पातळ भिंत, पलीकडे सून पोळ्या लाटतेय आणि आपण आत, हे त्यांना सोसवणार नाही.

"त्ये बोलून दावत न्हाईत, पन मला म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. मामंजी ओसरीवर पाठ करून बसले होते. त्यांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणतात.

"मग परड्यातला तरी कसा बांधू दिला त्यांनी?"

"त्यांनी कशाचा बांधू दिलाय! गुड मॉर्निंग पथकानं बांधला. पहाटचं टमरेल घेऊन वढ्याकडं निघावं, तर म्होरं पंचायतीची मान्सं गुलाबाचं फूल घेऊन हुभी. लाजनं पार मेल्यागत व्हायचं. त्यात आमच्या मालकांना पंचायतीच्या विलेक्शनला हुभं ऱ्हायची हौस आली. उमेदवाराला संडासाचा दाखला लागतोय म्हनल्यावर आठ दिवसांत भित्ती हुभ्या."

आपल्याकडे कित्येक संडास असेच, कुणाच्या तरी निवडणुकीवर बांधले गेले असतील. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ५३ टक्के घरांतच आवारात संडास होता. खेड्यांचा आकडा तर ४०च्याही खाली. मग २०१४मध्ये स्वच्छ भारत आलं, घरामागे १२,००० रुपये मिळायला लागले आणि पत्र्याच्या दाराचे संडास जिकडेतिकडे दिसू लागले. एका पिढीत माणसं ओढ्यावरून अटॅचपर्यंत आली. मधली पायरीच गाळली गेली, म्हणून थोरल्याला पाच कमी वाटतात आणि मामंजींना एक जास्त.

"बरं, वापरनार कोन पाच?" आक्कांचा आवाज खाली आला, म्हणजे आता दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी येणार. "त्या वरच्या आळीचा बंगला बघितलाय न्हवं? सहा बाथरूम! चार बंद. एकात भाताची पोती, एकात पोरांच्या मोडक्या सायकली. आन् वास म्हंजी असला, वास्तुशांतीनंतर दुसऱ्यांदा पाय न्हाय ठिवला मी."

वास यायचाच. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये चार बोटं पाणी कायम साठलेलं असतं, ते गटारातला वास आणि झुरळं अडवतं. बाथरूम वापरातच नसेल तर उन्हाळ्यात ते पाणी सुकतं आणि टाकीची हवा थेट गादीपर्यंत येते. पाहुण्यांसाठी हौसेनं बांधलेल्या बाथरूमला अधूनमधून तांब्याभर पाणी घालायला माणूस ठेवावा लागतो. आणि पाच फरश्या, पाच भांडी घासणार कोण, हा प्रश्न प्लॅन काढणाऱ्यानं घरातल्या बाईला विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"मी इचारलं की थोरल्याला. म्हनला, बाई लावू. मंग सून म्हनली, जो बाई लावंल म्हनतोय त्यानं पैलं म्हैनाभर सोता घासून दावावं. तवापासनं आकडा चारावर आलाय."

मला ही सून आवडते.

मी म्हटलं, आक्का, बेडरूम मोजू नका. सकाळी सात वाजता कोण कुठं असतं तेवढं सांगा. काठीनं मातीत रेघा ओढत त्यांनी सांगितलं. मामंजी पाचला उरकतात. मालक सहाला डेअरीत दूध घालून येतात. आक्कांचं त्याच्याही आधी. उरले थोरला, सून, धाकटा आणि दोन नातवंडं. कंपनीची बस, कॉलेज आणि शाळेची व्हॅन, सगळं साडेसात-पावणेआठच्या दरम्यान. म्हणजे अडचणीचा काय तो अर्धा-पाऊण तास, आणि त्यात माणसं पाच.

आता या पाचांतला एक आंघोळीला, एक संडासात, एक दात घासतोय, असं चाललं तर भांडण नाही. भांडण होतं ते तिन्ही कामं एकाच कडीच्या आत कोंडली की. अटॅचची खरी मेख ही आहे. थोरला मोबाइल घेऊन कमोडवर बसला की शॉवर अडला, बेसिन अडलं, आरसासुद्धा अडला. आपल्या जुन्या घरांतलं न्हाणीघर वेगळं, संडास वेगळा, हात धुवायची जागा उघड्यावर, ते काही अडाणीपणानं नव्हतं. राष्ट्रीय इमारत संहितेतली मापं बघा. एकत्र संडास-बाथरूमला किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे चार फूट बाय साडेसात. सुटं केलं तर संडासाला १.१ आणि बाथरूमला १.८, म्हणजे तीन बाय चार आणि चार बाय पाच. दोन-तीन हात जागेचाही फरक नाही. एक आडवी भिंत आणि एक दार जास्त लागतं, पण एका वेळी तिघांचं उरकतं.

"म्हंजी खाली एक सुटं, वर एक सुटं?"

"आणि परड्यातला ठेवा. पाडू नका."

"त्यो तर पायजेलच. गुरुवारचं काय करू मंग?"

गुरुवारचं दुखणं आमच्या दोघींचं एकच. प्रति शिर्डीच्या साईबाबांमुळे शिरगावला नाव मिळालं आणि आम्हाला पाहुणे. एरवी लग्नातसुद्धा न ओळखणारे नातेवाईक गुरुवारी दर्शनाला येतात आणि वाटेवरच घर लागलं म्हणून डोकावतात. चपला काढायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न काय असतो ते सांगायला नको. असल्या पाहुण्याला आतल्या खोलीतून, पलंगाला वळसा घालून अटॅचमध्ये नेण्यापेक्षा बाहेरच्या बाहेर परड्यात धाडावं. भाताच्या लावणीला गुडघाभर चिखलात राबून आलेल्या माणसालाही तोच बरा.

"पन टाकी मोठी करावी लागंल, न्हाय का? मिस्त्री म्हनतो, पाच संडासाला दुप्पट सेफ्टी टाकी."

मिस्त्रीला दुप्पट पैसे हवे असतील. टाकी संडासांच्या संख्येवर ठरत नाही, माणसांवर ठरते. आठ माणसं पाच भांड्यांवर बसली काय आणि दोनांवर बसली काय, जाणार तेवढंच. भारतीय मानकाच्या कोष्टकात दहा माणसांना आतून २ मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद टाकी दिली आहे. न्हाणीचं पाणी टाकीत सोडायचंच नाही, केळीला काढायचं. मावळात खरी गोची शोषखड्ड्याची. आषाढात खाचरं तुडुंब भरली की जमिनीलाच पाणी नको असतं, तिथं खड्डा काय शोषणार? तेव्हा तो उंचवट्याला आणि विहिरीपासून लांब. टाकीचं झाकणही उपसायच्या गाडीचा पाइप पोचेल अशा ठिकाणी. माणूस आत उतरवायला २०१३च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी कुणाच्या पोराला आत उतरवायचं?

यावर आक्कांना माहेर आठवलं. माहेर देहू. तिथं १९६०च्या सुमारास डॉ. मापुसकर सरकारी दवाखान्यात आले आणि बघतात तो गावात जंताचे, हगवणीचे रोगी संपेनात. औषधं देऊन उपयोग नाही म्हणून ते संडासामागे लागले आणि आयुष्यभर लागलेच. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि मैल्याच्या गॅसवर जे काम केलं होतं, ते मापुसकरांनी देहूत पुढं नेलं. संडासाला जोडलेला गॅस प्लँट, 'मलप्रभा' नावाचा. २०१५मध्ये ते गेले आणि पद्मश्री मिळाली २०१७मध्ये.

"त्या गॅसवरचा च्या प्यायला आमची आजी तयारच न्हवती," आक्का हसायला लागल्या. "मंग यकदा कुनी न सांगता पाजला. चांगला झालाय म्हनली, आजून अर्धा कप दे."

मामंजींची पाठ जराशी हलली.

आता उरला देवघराचा प्रश्न. तो मिस्त्री आणि देव मिळून सोडवतील असं मला वाटतं. वरचा संडास बरोबर खालच्या संडासावर घ्यायचा. पाइप एकाच रेषेत उतरतो, स्लॅब एकाच ठिकाणी खाली घ्यावा लागतो आणि पुढे ओल आलीच तर ती संडासाच्याच छताला येते, देवाच्या डोक्यावर नाही. ही जोडी जिन्यामागच्या कोपऱ्यात गेली की देवघराची भिंतही सुटते. ईशान्य कोपरा वाचवायला वेगळा वास्तुवाला नको.

"आन् अटॅच येकबी न्हाय? थोरला रुसंल."

"एक करा की. पण त्याच्या खोलीला नाही, मामंजींच्या."

आक्का क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "रातचं दोनदा उठत्यात. पावसात छत्री घिऊन परड्यात. येकदा घसरले बी." हे त्यांनी घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं, मामंजींनीच सांगू नको म्हटलं होतं.

म्हणून खालची मामंजींची खोली, तिला लागून कमोड, धरायला भिंतीत पक्की दांडी, न घसरणारी फरशी आणि उंबरठा नाही. आवाजाची लाज वाटते तर ती भिंत नऊ इंची घ्या आणि स्वयंपाकघराच्या उलट्या बाजूला. आज मामंजींना, पंधरा वर्षांनी आक्कांच्याच गुडघ्यांना. दार मात्र बाहेर उघडणारं हवं. आत कुणी चक्कर येऊन पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं, आणि मग बाहेरचे नुसते हाका मारत राहतात.

एकूण काय, वर एक सुटं, खाली एक सुटं, मामंजींचं एक आणि परड्यातलं जुनं. थोरल्याच्या समाधानासाठी त्याच्या खोलीच्या भिंतीत पाइप काढून तोंड बंद करून ठेवायचे. पुढे हौस आणि पैसे दोन्ही उरले तर करील. पाच म्हणणाऱ्याला चार मिळाले आणि शून्य म्हणणाऱ्याला स्वतःचा एक.

तेवढ्यात जोत्यावरून मिस्त्रीची हाक आली. चौकटी आल्या होत्या. "आक्का, खालच्या संडासाचं दार आत उघडायचं का भाईर?"

"भाईर!" घोसाळ्याचा वेल बाजूला सारत आक्का ओरडल्या. "आन् कडी अशी बशिव, का येळ आली तर भाईरनं रुपाया घालून फिरवता आली पायजे."

"रुपाया कुनाचा?" ओसरीवरून मामंजींनी विचारलं.